सायप्रस: एका फाळणीची जडणघडण

भूमध्य समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर सायप्रस हे बेट आहे. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर. सिसिली आणि सार्डिनियानंतर या समुद्रातले हे तिसरे मोठे बेट. १९७४ च्या तुर्की आक्रमणाने ते दुभंगले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पण हा इतिहासाचा शेवटचा भाग झाला. त्या वर्षी सैन्याने जमिनीवर जी हद्द पक्की केली, तिची आखणी धर्मसंस्था, मतदारयाद्या, शाळा आणि खुद्द राज्यघटना यांनी आधीच करून ठेवली होती.

त्रोओदोस डोंगरातले तांबे आणि पूर्व-पश्चिम व्यापाराच्या वाटेवरची जागा, यांमुळे बेटावर सगळ्यांचाच डोळा असे. असीरियन, इराणी, टॉलेमी, रोमन अशी राज्ये आली आणि गेली. ग्रीक भाषा मात्र कांस्ययुगाच्या अखेरीस आली ती रुजली. इसवी सनाच्या पाचव्या शतकात इथल्या चर्चला अँटिओकच्या वर्चस्वातून मुक्त असा स्वतंत्र दर्जा मिळाला. आर्चबिशपने लाल शाईने सही करावी, हा बादशाही मान त्याच काळात मिळाल्याचे परंपरा सांगते आणि तो आजही पाळला जातो. ११९१ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डने बेट जिंकले. त्यानंतर फ्रेंच लुझिन्यां घराण्याने जवळजवळ तीनशे वर्षे राज्य केले आणि १४८९ मध्ये बेट व्हेनिसच्या हाती गेले. निकोसियाभोवतीची अकरा बुरुजांची वर्तुळाकार तटबंदी व्हेनिसची. ती बांधायला घेऊन तीनच वर्षे झाली होती, तोच १५७० मध्ये उस्मानी फौजांनी शहर घेतले. पुढच्या वर्षी फामागुस्ताही पडले.

उस्मानी राजवटीने दोन गोष्टी केल्या. अनातोलियातून मुसलमान वस्ती आणली आणि फ्रेंच-व्हेनेशियन काळात दबलेल्या ऑर्थोडॉक्स चर्चला पुन्हा वर काढले. साम्राज्याच्या मिल्लत पद्धतीत प्रजेची मोजदाद धर्मावरून होत असे. त्यामुळे आर्चबिशप हा केवळ धर्मगुरू राहिला नाही. ख्रिस्ती रयतेचा प्रतिनिधी आणि करवसुलीतला भागीदार बनला. या अधिकाराची किंमतही मोजावी लागली. ग्रीसमधल्या स्वातंत्र्ययुद्धाचे निमित्त करून जुलै १८२१ मध्ये सुभेदाराने आर्चबिशप किप्रियानोस यांना निकोसियात फाशी दिले. तरीही खेड्यांतले चित्र इतके रेखीव नव्हते. १८३३ च्या करविरोधी बंडांत ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही पुढारी होते. ‘लिनोबांबाकी’ नावाचा तर एक वर्गच होता: उघडपणे मुसलमान, घरात ख्रिस्ती, दोन्हीकडची नावे बाळगणारा. मोजदाद करणाऱ्या सरकारांना असे लोक नेहमीच गैरसोयीचे वाटतात. पुढे शाळा आणि जनगणना आल्यावर त्यांना एक बाजू घ्यावी लागली.

१८७८ मध्ये रशियाविरुद्ध मदतीच्या बदल्यात सुलतानाने बेटाचा कारभार ब्रिटनला दिला. ताबा घ्यायला उतरलेल्या सैन्यात माल्टाहून आणलेल्या हिंदी पलटणीही होत्या. १८८१ च्या जनगणनेत सुमारे १,८६,००० लोक नोंदले गेले. त्यांत जवळपास तीन चतुर्थांश ऑर्थोडॉक्स, तर एक चतुर्थांशाच्या आसपास मुसलमान होते. दरवर्षी सुमारे ९२,८०० पौंडांची खंडणी बेटाकडून वसूल होई. ती सुलतानाच्या नावाने निघे, पण जाई उस्मानी कर्जरोखे धारण करणाऱ्या युरोपीय सावकारांकडे. दोन्ही समाजांना सारखाच खुपणारा हा विषय राजकीय एकजुटीचा पाया होऊ शकला असता. तो होऊ नये अशी रचना १८८२ च्या विधिमंडळात होती. त्यात नऊ बिगरमुस्लिम आणि तीन मुस्लिम निर्वाचित सदस्य होते, आणि सहा सरकारी अधिकारी. अधिकारी आणि मुस्लिम सदस्य एकत्र आले की नऊविरुद्ध नऊ. मग हाय कमिशनरचे निर्णायक मत. हिंदुस्थानात विभक्त मतदारसंघ १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी आले, सायप्रसमध्ये ते सत्तावीस वर्षे आधीच राबत होते.

शाळांचेही तसेच. ग्रीक शाळांतली पुस्तके अथेन्सहून आणि तुर्की शाळांतली इस्तंबूलहून येत. एकाच गावातली मुले दोन वेगवेगळ्या राष्ट्रांचा इतिहास शिकून मोठी होत. ग्रीसमध्ये विलीन होण्याची, म्हणजे ‘एनोसिस’ची मागणी ब्रिटिशांच्या आगमनापासूनच होत होती. १९२५ मध्ये सायप्रस अधिकृत वसाहत झाली. १९३१ मध्ये दंगल उसळली आणि गव्हर्नरचा बंगला जाळला गेला. जानेवारी १९५० मध्ये चर्चने चर्चमध्येच सह्या घेऊन जनमत नोंदवले आणि सुमारे ९६ टक्के कौल विलीनीकरणाला पडला. त्याच वर्षी मकारिओस तिसरे आर्चबिशप झाले.

१ एप्रिल १९५५ रोजी ग्रिवास यांच्या ‘एओका’ संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. वसाहत सरकारने पोलिसांत तुर्की तरुणांची भरती वाढवली, त्यामुळे ग्रीक बंडखोराच्या गोळीला बळी पडणारा शिपाई अनेकदा तुर्की असे. एका वसाहतविरोधी लढ्याला सामाजिक वैराचे वळण लागण्यास हे एक कारण पुरेसे होते. उत्तरादाखल ‘टीएमटी’ ही तुर्की सशस्त्र संघटना उभी राहिली, तिची घोषणा ‘ताक्सिम’, म्हणजे फाळणी. स्वतंत्र सायप्रस मात्र दोघांपैकी कोणाच्याच कार्यक्रमात नव्हता.

तरी तेच पदरी पडले. १९५९ मध्ये झुरिच आणि लंडन इथे ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांनी तडजोड केली आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी प्रजासत्ताक अस्तित्वात आले. राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, दोघांनाही नकाराधिकार. संसदेत आणि सरकारी नोकऱ्यांत ७० व ३० टक्के वाटणी, सैन्यात ६० व ४०. लोकसंख्येत तुर्की १८ टक्क्यांच्या आसपास होते, त्यामुळे ग्रीकांना ही वाटणी अन्यायाची वाटली. तुर्कांना मात्र तीच एकमेव हमी होती. करविषयक कायद्यांना दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत लागे. मारोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन ख्रिस्ती यांना दोनपैकी एका समाजात नाव घालावे लागले, तिसरा रकानाच नव्हता. तिन्ही परकी राष्ट्रांना हमीदार म्हणून हस्तक्षेपाचा हक्क मिळाला आणि ब्रिटनने अक्रोतिरी व ढेकेलिया हे दोन सार्वभौम लष्करी तळ राखले. नव्या ध्वजावर बेटाचा तांब्याच्या रंगाचा नकाशा आणि ऑलिव्हच्या डहाळ्या आल्या. निळा आणि लाल हे ग्रीस-तुर्कस्तानचे रंग मुद्दाम टाळले. ध्वज फार थोड्यांनी मनापासून फडकवला.

नोव्हेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत तेरा दुरुस्त्या सुचवल्या. डिसेंबरमध्ये हिंसाचार भडकला. ब्रिटिश अधिकारी पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धबंदीची रेघ ओढली, तीच ‘ग्रीन लाइन’. सुमारे २५,००० तुर्की लोक आपली गावे सोडून कडेकोट वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी, दुसरे जनरल थिमय्या. थिमय्यांचा १९६५ मध्ये निकोसियातच मृत्यू झाला. १९७४ च्या धुमश्चक्रीतही सेनापती भारतीयच होते, मेजर जनरल प्रेम चंद.

ती धुमश्चक्री अथेन्सच्या लष्करशहांनी ओढवून आणली. १५ जुलै १९७४ रोजी त्यांच्या चिथावणीने मकारिओस यांना उलथवले गेले. पाच दिवसांनी, हमीदारीचा हक्क पुढे करून, तुर्की सैन्य किरेनियाजवळ उतरले. ग्रीसमधली लष्करशाही कोसळली, बंडाने बसवलेला अध्यक्षही गेला. हस्तक्षेपाचे निमित्त संपले होते. तरी १४ ऑगस्टला दुसरी चढाई झाली आणि बेटाचा ३६ टक्क्यांहून अधिक भाग तुर्की ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे पळाले. १९७५ च्या व्हिएन्ना समझोत्यानंतर दक्षिणेतले उरलेसुरले तुर्की उत्तरेकडे गेले. फामागुस्ताचे वारोशा हे हॉटेलांनी गजबजलेले उपनगर तारांच्या कुंपणात बंद झाले. दोन्ही समाजांचे मिळून सुमारे दोन हजार लोक बेपत्ता राहिले. त्यांचे अवशेष शोधून ओळखण्याचे काम दोन्हीकडचे शास्त्रज्ञ आजही एकत्र करतात. १९८३ मध्ये तुर्की समाजाचे पुढारी राउफ देंक्ताश यांनी ‘उत्तर सायप्रस तुर्की प्रजासत्ताक’ जाहीर केले. तुर्कस्तानखेरीज कोणत्याही देशाने त्याला मान्यता दिलेली नाही.

राजकारणाने जे तोडले ते संस्कृतीत पूर्ण तुटले नाही. लार्नाकाच्या मिठाच्या सरोवराकाठचा हाला सुलतान तेक्के हा दर्गा दक्षिणेत आहे आणि कार्पास द्वीपकल्पातला अपोस्तोलोस आंद्रेआस मठ उत्तरेत. दोन्ही ठिकाणी दोन्हीकडचे भाविक जातात आणि दोन्ही वास्तूंच्या डागडुजीला संयुक्त प्रयत्न लागले. शेळी-मेंढीच्या दुधाचे पुदिना घातलेले चीज दक्षिणेत ‘हालुमी’, उत्तरेत ‘हेल्लिम’. २०२१ मध्ये युरोपीय संघाने त्याला दोन्ही नावांनी संरक्षित दर्जा दिला. ‘कोलोकासी’ म्हणून दोन्हीकडे आवडीने शिजवला जाणारा कंद म्हणजे आपली अळकुडी. सर्वांत शहाणपणाची भागीदारी मात्र निकोसियाच्या सांडपाण्याची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिन्जी या दोन महापौरांनी, वरच्यांची मान्यता-अमान्यता बाजूला ठेवून, शहराची गटारयोजना एकत्र पूर्ण केली. शुद्धीकरणाचे केंद्र उत्तरेत, मैला दोन्हीकडचा.

२३ एप्रिल २००३ रोजी हद्दीवरच्या चौक्या उघडल्या आणि हजारो लोक आपली जुनी घरे पाहायला गेले. वर्षभराने संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या संघराज्य-योजनेवर मतदान झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला, दक्षिणेत ७६ टक्क्यांनी नकार. आठवड्याभरात सायप्रस युरोपीय संघाचा सदस्य झाला. कागदोपत्री संपूर्ण बेट संघात आले, पण संघाचे कायदे उत्तरेत तहकूब राहिले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोन्ताना इथली एकीकरणाची बोलणी मुख्यतः सैन्य आणि हमीदारी या प्रश्नांवर फिसकटली. २०२० मध्ये उत्तरेत दोन राज्यांची मागणी करणारे एर्सिन तातार निवडून आले आणि वारोशाचा काही भाग लोकांना खुला झाला. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत संघराज्याचे समर्थक तुफान एर्हुर्मान यांनी तातार यांचा मोठ्या फरकाने पराभव केला.