खर्जाची तार : बेस गिटारच्या इतिहासातला हरवता पुरावा

वाद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा लाकडापासून सुरुवात करतात. लाकूड कोणत्या झाडाचे, वाद्य कोणत्या गावी घडले, कारागीर कोण. संग्रहालयांतही काचेमागे मुख्यतः लाकूडच जपलेले असते. त्यावर ताणलेली तार कोणती, हे शेजारच्या पाटीवर लिहिलेले क्वचितच आढळते. कारण उघड आहे. तार ही टाकून द्यायची वस्तू. तुटली, गंजली, बसकी वाजू लागली, की काढायची आणि नवी चढवायची.

मी कोणत्या विद्यापीठाचा संशोधक नाही. नोकरी सांभाळून जुन्या तबकड्या ऐकणे, वाद्य दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलाशी बसणे आणि वादकांनी टाकून दिलेल्या तारा गोळा करणे, एवढीच माझी साधना. त्यातून एक गोष्ट मला पटली आहे. बेस गिटार या जेमतेम पाऊणशे वर्षांच्या वाद्याचा आवाज घडवण्यात लाकडाइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, वाटा तारेचा आहे. आणि ‘योग्य तार कोणती?’ या वादकांच्या नित्याच्या प्रश्नाला १९६०च्या दशकात दोन अगदी उलट उत्तरे मिळाली. दोन्ही बरोबर होती. ती दोन्ही बरोबर कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रश्न मुळात खर्जाचा आहे, आणि तो आपल्याला अपरिचित नाही. तंबोऱ्यावर जोडीच्या तारा पोलादी आणि बारीक असतात, खर्जाची तार पितळेची आणि जाड. लांबी सारखीच, तरी खर्ज जोडीच्या खाली एक सप्तक बोलतो. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात यामागचा हिशेब मांडला. स्वर उतरवायचा तर तार लांब करा, ढिली करा किंवा जड करा. लांबीला हाताची मर्यादा आहे. तार फार ढिली केली तर ती फडफडते, स्वर धरत नाही. उरतो तिसरा मार्ग, वजनाचा.

बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिची बोलती लांबी सर्वसाधारणपणे ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. बोटांना झेपेल असा ताण धरला, समजा १८ किलोंचा, तर मेर्सेनच्या हिशेबाने त्या तारेचे वजन मीटरला सुमारे ३५ ग्रॅम यायला हवे. सोनाराच्या काट्यावर मी अशा तारांचे तुकडे तोलले, तेव्हा आकडे याच्या आसपासच आले. आता एवढ्या वजनाची साधी, एकसंध पोलादी तार घ्यायची म्हटली तर तिची जाडी सुमारे २.४ मिलिमीटर भरते. तिला तार कोण म्हणेल? ती सळई झाली. सळई वाकायला राजी नसते. त्यामुळे तिचे वरचे स्वरांश जागेवर राहत नाहीत, चढे निघतात, आणि कान सुराऐवजी लोखंड ऐकतो.

यावरचा तोडगा युरोपात सतराव्या शतकातच निघाला होता. आत बारीक, लवचिक गाभा आणि त्याभोवती धातूची तार गुंडाळून दिलेले वजन. लंडनचा प्रकाशक जॉन प्लेफर्ड याने १६६४ साली अशा तारांची नवा शोध म्हणून जाहिरात केली होती. त्या वेळी गाभा मेंढीच्या आतड्याचा असे. बेस गिटारच्या तारेत तो पोलादी झाला, पण युक्ती तीच राहिली. तारेची जाडी निम्मी केली की तिचा ताठरपणा सोळा पटींनी घटतो. म्हणून वजन वेटोळ्यांवर सोपवायचे आणि वाकण्याचे काम गाभ्यावर.

आता वाद्याकडे येऊ. सिअ‍ॅटलच्या पॉल टुटमार्कने १९३०च्या दशकाच्या मध्यात पडदे असलेला विजेवर चालणारा बेस करून पाहिला होता, पण तो रुजला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाद्यवृंदातला बेसवादक तोवर माणसाहून उंच डबल बेस घेऊन उभा राही, आणि भोंगे-ढोलांपुढे त्याचा आवाज पोचत नसे. फेंडरने त्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकवता येईल असे वाद्य दिले, त्याला पडदे दिले म्हणजे सूर नेमका लागेल, आणि लोहचुंबकाचा पिकअप दिला.

या पिकअपने योग्य तारेची पहिली अट घालून दिली. डबल बेसवर तेव्हा आतड्याच्या तारा सर्रास असत. चुंबकाला आतडे ‘ऐकू’ येत नाही. तार पोलादाची, निकेलची, निदान चुंबकाने ओढली जाईल अशा धातूची असणे भाग पडले. दुसरी अट सवयीने घातली. लोकांच्या कानात डबल बेसचा गोल, आखूड, पटकन विरणारा आवाज बसला होता. त्याच्या जवळ जायचे म्हणून वेटोळ्यांना गोल तारेऐवजी चपटी पट्टी वापरलेल्या तारा चालल्या. वादक त्यांना फ्लॅटवाउंड म्हणतात. वरून बोट फिरवले तर त्या काचेसारख्या गुळगुळीत लागतात. वर फेंडरने घोडीवरच्या झाकणाखाली तारा दाबून धरणारा तुकडाही बसवला होता, म्हणजे स्वर रेंगाळू नये. नव्या वाद्याने जुन्याची नक्कल करावी, अशी सारी व्यवस्था होती.

या व्यवस्थेतून डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनने जे काढले, ती नक्कल राहिली नाही. १९६०च्या दशकात मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर तो बेस वाजवी. त्याच्याकडे १९६२ सालचा प्रिसिजन बेस होता आणि त्यावर ‘ला बेला’ बनावटीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा. ५२ ते ११० मापाचा संच त्याच्या नावाशी आजही जोडला जातो. हे माप इंचाच्या हजाराव्या भागांत असते, आणि आज सर्वत्र चालणारे माप साधारण ४५ ते १०५ आहे, यावरून त्याच्या तारांचा दणकटपणा ध्यानात यावा. तो उजव्या हाताची एकच तर्जनी वापरी. आणि तार तुटल्याशिवाय बदलत नसे, असे त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगत आले आहेत.

याला आळस म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या तबकड्या ऐका. तो स्वरांची गर्दी करतो, अर्ध्या मात्रेच्या आड शिरतो, गायकाच्या ओळीखाली दुसरी ओळ विणतो. तरीही गायकाच्या पायात कधी येत नाही. हे कसे जमले? जुन्या तारेत वरचे स्वरांश जवळजवळ मेलेले असतात. घाम, त्वचेचा चिकटा आणि धूळ बसत जाते, तारेचे वजन सगळीकडे सारखे राहत नाही, आणि चमक विझते. उरतो मूळ स्वर आणि बोटाचा ठोका. मोटारीतल्या लहान स्पीकरवर वाजणाऱ्या, एकाच वाहिनीवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यात वरची जागा गायक, तंतुवाद्ये आणि खंजिरीला मोकळी ठेवायची असेल, तर अशी विझलेली तारच हवी. जेमर्सनची तार त्या गाण्यासाठी पिकली होती, असे मी म्हणेन.

नेमक्या त्याच सुमाराला अटलांटिकच्या पलीकडे एक तरुण उलट तक्रार करत होता. ‘द हू’ या इंग्रज चमूत एकच गिटारवादक होता. दुसऱ्या गिटारची पोकळी भरणार कोण? ती जबाबदारी जॉन एन्टविसलच्या बेसवर आली. १९६५च्या ‘माय जनरेशन’ या गाण्यात बेसला एकल वादनाच्या जागा आहेत. त्यासाठी त्याला तारा खणखणीत हव्या होत्या. तशा तारांसाठी त्याने डॅनइलेक्ट्रो कंपनीचा बेस घेतला. तार तुटली की सुट्या तारा मिळेनात, म्हणून आणखी अख्खे बेस घ्यावे लागले, असे त्याने पुढे मुलाखतींत सांगितले आहे. शेवटी ध्वनिमुद्रण दुसऱ्याच वाद्यावर झाले. चार तारांसाठी पूर्ण वाद्य विकत घेणारा हा वादक योग्य तारेच्या शोधाचा मूर्तिमंत नमुना म्हणावा लागेल.

१९६६ साली त्याची गाठ पडली जेम्स हाऊशी. हाऊ हा अभियंता. ‘द थर्ड मॅन’ या १९४९च्या चित्रपटातले अँटोन कारासचे झिथरवादन ऐकून तो त्या वाद्याच्या नादी लागला. झिथरच्या तारा मिळेनात, तेव्हा त्याने त्या गुंडाळण्याचे यंत्र स्वतःच बनवले. त्यातून रोटोसाउंड ही कंपनी उभी राहिली. म्हणजे तिचा जन्मही योग्य तार न मिळाल्यामुळेच झाला होता! एन्टविसलचे म्हणणे असे की गोल वेटोळ्यांच्या तारांतल्या वरच्या दोन बोलतात, पण खालच्या दोन नीट कंपच पावत नाहीत. कारखान्यात त्याचाच बेस समोर ठेवून, गाभा आणि वेटोळी बदलत, खालच्या तारा गाऊ लागेपर्यंत प्रयोग झाले. त्यातून राउंडवाउंड तारांचा ‘स्विंग बेस’ हा संच आला, आणि बेसला पियानोच्या खालच्या पट्टीसारखा झणकार मिळाला. पुढच्या दशकांत रॉकमधल्या बहुतेकांनी हीच वाट धरली.

या वाटेला किंमत होती. गोल वेटोळ्यांमध्ये खाचा राहतात. मळ तिथे भरतो, आणि नवी चमक काही दिवसांत उतरते. नवा संच घेणे परवडत नसलेले वादक तारा उकळत्या पाण्यात टाकून काढतात. मी हा प्रयोग करून पाहिला आहे. पाण्यावर राखाडी तवंग येतो, तार पुसून चढवली की ती पुन्हा बोलते, पण ते तारुण्य फार टिकत नाही. दुसरी किंमत लाकडाची. जॅको पास्टोरियसने आपल्या बेसचे पडदे काढून टाकले होते, आणि त्यावरही तो स्विंग बेसच चढवी. उघड्या लाकडाला ती खरखरीत तार कानशीसारखी खाते. म्हणून त्याने पट्टीवर बोटींसाठी वापरतात तसल्या इपॉक्सीचे लेप दिले. १९७६ साली त्याची पहिली तबकडी आली, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या गात्या, घसरत्या आवाजाने चकित केले. तार बदलण्यापेक्षा त्याने लाकूड बदलले.

हे तिघे शेजारी उभे केले की ‘योग्य’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. विझलेली तार, झणाणणारी तार, लाकूड खाणारी तार. कोणाचीही तार दुसऱ्याला दिली असती तर त्याचे काम बिघडले असते. योग्यता तारेच्या पाकिटावर छापलेली नसते. बेसने गाण्यात कोणती जागा घ्यायची आणि कोणती सोडायची, हे आधी ठरते. तार मागून येते. मैफलीत तंबोरा लावताना गवई जवारीचा दोरा पुढेमागे सारून आपल्या गळ्याजोगा झणकार शोधतो, त्यातलाच हा प्रकार.

तारेसारखेच विस्मरण वादकाच्याही वाट्याला आले. मोटाउनच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे वादकांची नावे नसत. जेमर्सनचे नाव छापले गेले १९७१ सालच्या मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर, तोवर त्याची ऐन भराची वर्षे सरत आली होती. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हेच घडले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस देशभर घुमला, पण तो वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक होते? खर्ज नसला तर सगळ्यांना जाणवते. तो असतो तेव्हा त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणून मला शेवटी एका हरवलेल्या वस्तूबद्दल लिहायचे आहे. जेमर्सन २ ऑगस्ट १९८३ रोजी वारला. त्याच्या आधी थोडेच दिवस त्याचा तो १९६२चा बेस चोरीला गेला. अशी वाद्ये कधीतरी सापडतात. पॉल मॅकार्टनीचा १९७२ साली चोरीला गेलेला हॉफनर बेस पन्नासहून अधिक वर्षांनी त्याच्या हाती परत आला, हे २०२४ साली जाहीर झाले. तेव्हा जेमर्सनचा बेसही एखाद्या माळ्यावरून, एखाद्या गहाणवटीच्या दुकानातून निघेल, अशी आशा धरायला जागा आहे. तो निघाला तर त्याचा क्रमांक तपासतील, लाकूड तपासतील, किंमत ठरवतील. आणि विक्रीला मांडण्याआधी कोणीतरी भल्या मनाने त्याला नव्या, चकचकीत तारा चढवील, जुन्या कापून टाकील.

तसे करू नये, एवढीच विनंती. त्या तारा आधी काढून, सरळ करून, नावनिशी एखाद्या लिफाफ्यात ठेवाव्यात. त्यांच्यावर त्याच्या तर्जनीचा मळ असेल.