परक्या पेटीतील घरचा सूर

आयर्लंडमधील वादक आपल्या बटणांच्या अकॉर्डियनला बोलताना नुसते 'बॉक्स' म्हणतात. आपण हार्मोनियमला 'पेटी' म्हणतो, तसेच. हे साम्य केवळ नावापुरते नाही. दोन्ही वाद्यांच्या पोटात धातूच्या पातळ जिभा असतात. भात्याचा वारा लागताच त्या कंप पावतात आणि सूर उमटतो. दोन्ही वाद्ये एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कारागिरांच्या हातून घडली, दोन्ही परक्या भूमीत रुजली आणि दोन्हींकडे पाहून तेथील जाणकारांनी नाके मुरडली. आपल्या पेटीवर आकाशवाणीने १९४० साली घातलेली बंदी तब्बल तीन दशके टिकली. आयर्लंडमधील पेटीची कथा याहून अधिक वळणांची आहे आणि तिच्यात आम्हा धर्मगुरूंचाही वाटा आहे. तो सर्वस्वी अभिमानास्पद नाही, म्हणूनच ती सांगावीशी वाटते.

'अकॉर्डियन' या नावाने एका वाद्याचे पेटंट सिरिल डेमियन यांनी १८२९ साली व्हिएन्ना येथे घेतले. पुढे जर्मनीतील कारखान्यांतून त्याचे स्वस्त नमुने बाहेर पडू लागले. त्याच शतकात, १८४५ ते १८५२ या काळात, आयर्लंडवर बटाट्याच्या रोगामुळे महादुष्काळ कोसळला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. त्यांच्याबरोबर गावोगावचे पाइपवादक आणि नृत्यशिक्षकही गेले. आयरिश पाइप हे वाद्य महाग, शिकण्यास कठीण आणि सुरात ठेवण्यास त्याहून कठीण. ते मागे पडत चालले असताना ही परकी पेटी आली. दहा बटणांची एकच रांग, आवाज खणखणीत, किंमत कष्टकऱ्याला झेपेल अशी. शिवाय तिच्यात एक खुबी होती. तेच बटण दाबून भाता मिटला की एक स्वर निघे आणि उघडला की दुसरा. त्यामुळे भात्याच्या आत-बाहेर होण्यातूनच नाचाचा ठेका आपोआप उमटे. गंमत अशी की, विसाव्या शतकाच्या आरंभी या पेटीवरील आयरिश संगीताच्या ध्वनिमुद्रिका ज्याने प्रथम गाजवल्या, तो जॉन किमेल न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील जर्मन वंशाचा माणूस होता!

ग्रामीण आयर्लंडमध्ये नाच होत ते घराच्या स्वयंपाकघरात किंवा रस्त्याच्या चौकात. शेजारीपाजारी जमत, म्हातारी माणसे शेकोटीजवळ बसत, मुले कोपऱ्यातून ऐकत. तीच त्यांची संगीतशाळा. परंतु १९२५ साली तेथील बिशपांनी नृत्यातील धोक्यांविषयी एक निवेदन काढून ते चर्चमधून वाचण्यास सांगितले. १९३५ साली सरकारने कायदा करून सार्वजनिक नृत्यासाठी न्यायालयाचा परवाना आवश्यक केला. त्या कायद्यामागे धर्मगुरूंचा मोठा रेटा होता. त्यांची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. नव्याने निघालेली, कोणाचीच देखरेख नसलेली नृत्यगृहे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण रोख त्यांच्यावर असला, तरी घाव बसला तो शेजाऱ्यांच्या निरागस बैठकींवर. कायदा सार्वजनिक नृत्यापुरता असूनही अनेक ठिकाणी घरातले नाचही बंद पाडले गेले. नृत्य धर्मग्रामाच्या सभागृहात गेले. तिथे आले 'केली' वाद्यवृंद, आणि मोठ्या दालनात ऐकू जाणारी पेटी त्यांच्यात महत्त्वाची ठरली. संगीत टिकले, मात्र कोपऱ्यात बसून ऐकणारे मूल हरवले.

ते मूल पुन्हा शोधण्याचा प्रयत्न १९५१ साली सुरू झाला. मलिंगार या गावी काही वादकांनी एकत्र येऊन 'कोल्टस' ही संस्था स्थापली आणि 'फ्ला' हा संगीतमहोत्सव भरवला. टिपररी परगण्यातील पॅडी ओब्रायन यांनी याच सुमारास अर्ध्या स्वराच्या अंतराने लावलेल्या दोन रांगांच्या पेटीवर नवे, प्रवाही वादन रूढ केले. गॉलवे परगण्यातील जो बर्क हा तरुण १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे अखिल आयर्लंड विजेता ठरला. तेव्हा तो जेमतेम विशीत होता. तरीही १९६२ साली थोर संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी आकाशवाणीवरील व्याख्यानांतून अकॉर्डियनवर कडाडून टीका केली. परंपरेला हे वाद्य मानवत नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि तरी त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदात अकॉर्डियन होतेच! याच ओ रिआडांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आयरिश भाषेतील मिस्सासाठी देशी वळणाचे संगीत रचले. एकेकाळी ज्या सुरांकडे संशयाने पाहिले गेले, त्यांचेच भाऊबंद वेदीपाशी आले.

या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक भिडते ती जो कूली यांची कहाणी. १९२४ साली गॉलवेतील पीटर्सवेल गावी जन्मलेल्या या माणसाच्या आईवडिलांना दोघांनाही पेटी वाजवता येई. १९५४ साली तो अमेरिकेला गेला. तेथील अनेक शहरांत मोलमजुरी करीत त्याने पेटी वाजवली आणि शिकवली. १९७२ साली तो फुफ्फुसाचा कर्करोग घेऊन मायदेशी परतला. १९७३ च्या नोव्हेंबरात गावातल्या एका पबमध्ये तो मित्रांसमवेत वाजवीत असता त्याचे ध्वनिमुद्रण झाले. डिसेंबरात तो गेला. ते वादन १९७५ साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने जगापुढे आणले टोनी मॅकमॅहन यांनी. टोनी लहान असताना कूली त्यांच्या घरी येत आणि वाजवीत. घरी आलेल्या पाहुण्याचे वादन एका मुलाने मन लावून ऐकले आणि त्या मुलामुळे पाहुण्याचा सूर मरणापलीकडे गेला.

आज 'फ्ला'च्या स्पर्धांत बारा वर्षांखालील मुलांचाही गट असतो. परगणा, मग प्रांत, मग अखिल आयर्लंड अशा पायऱ्या चढून मुले येतात. स्थलांतरितांची नातवंडे अमेरिका-इंग्लंडहूनही येतात. शिकणे अजूनही मुख्यतः कानाने होते: गुरूने चार मात्रा वाजवायच्या, मुलाने त्या हुबेहूब परत द्यायच्या. स्पर्धेमुळे सारे एकाच साच्याचे वाजवू लागतील, ही भीती तिथले जुनेजाणते बोलून दाखवतात, आणि ती अगदीच अनाठायी नाही. परंतु क्लेअर परगण्यातील रूअन गावच्या शॅरन शॅनन हिने १९९१ साली पहिला संग्रह प्रसिद्ध केला, त्यात त्या मातीतल्या धुनांबरोबर दूरदेशीचे सूरही मोकळेपणाने आले. पाया पक्का असलेल्या तरुणाईला दारेखिडक्या बंद करून घ्याव्या लागत नाहीत.

आयर्लंडमधील केरी परगण्यात फादर पॅट अहर्न या धर्मगुरूंनी लोकसंगीताला आणि लोकनृत्याला हाताशी धरून 'शिअम्सा टीर' हे लोकनाट्यगृह उभारले. १९७४ साली त्याची रीतसर स्थापना झाली. १९३५ च्या त्या कायद्याचे आमच्याकडून दिलेले याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. आपल्याही धर्मग्रामांत लग्नघरची गाणी जाणणाऱ्या वृद्धा आहेत, आणि गिटार व कीबोर्ड घेऊन गायनवृंदात येणारी मुलेही आहेत. या दोघांची एकत्र बैठक आपण शेवटची कधी घातली? मुलांच्या हातातील वाद्य परके आहे म्हणून कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी आपण एवढे तरी करू या: त्यांना त्या वृद्धेच्या ओटीवर नेऊन बसवू या आणि काही वेळ आपण गप्प राहू या.