होकायंत्र, ट्राम आणि जुहूची वाट: छोट्या विमानात कोणती उपकरणे घ्यावीत? (धागा)

१/ १५ ऑक्टोबर २०२१. भूजच्या धावपट्टीवरून 'माही' नावाचे एक हलके विमान अहमदाबादमार्गे जुहूकडे निघाले. वैमानिक होत्या बोरिवलीच्या आरोही पंडित. जीपीएस आणि ऑटोपायलट वापरायचे नाहीत, असे निघण्यापूर्वीच ठरले होते.

२/ याच आरोहींनी मे २०१९ मध्ये याच विमानातून अटलांटिक महासागर एकटीने ओलांडला होता. मग घरच्या वाटेवर ही साधने का नाकारायची? कारण ८९ वर्षांपूर्वी, त्याच तारखेला, एका वैमानिकापुढे ही निवडच नव्हती.

३/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ विमानातून निघाले. सोबत टपालाचे सुमारे २५ किलोचे ओझे. अहमदाबादला इंधन आले ते बैलगाडीतून. दुपारी ते जुहूला उतरले आणि पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुरा केला. विमानात रेडिओ नव्हता. जमिनीवरून वाट दाखवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती.

४/ त्या काळच्या अशा विमानात वैमानिकासमोर मोजक्याच तबकड्या असत: होकायंत्र, वेगमापक, उंचीमापक, इंजिनाचे फेरे आणि तेलाचा दाब दाखवणारे काटे. वेगमापक समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावर चाले, उंचीमापक वातावरणाच्या दाबावर. दोघांनाही वीज लागत नसे. बाकीचे काम नकाशा, घड्याळ आणि डोळे करत.

५/ एवढ्यावर भागत असे, याचे बरेचसे श्रेय भूगोलाला द्यावे लागते. अहमदाबादहून दक्षिणेकडे येताना किनारा उजव्या हाताला राहतो. वसईची खाडी मागे पडली की गोराई, मनोरी, मालाडची मार्वे खाडी, मढ, वर्सोवा आणि मग जुहू. समुद्राची कड सोडली नाही तर वाट चुकण्याचा संभव थोडाच.

६/ दुसरे कारण अदृश्य आहे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. या दोहोंतील कोनास दिक्पात म्हणतात. मुंबईच्या परिसरात तो जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे सुई दाखवील ती दिशा फारशी दुरुस्ती न करता घेता येते. वैमानिकांचा जुना हिशेब असा: साठ मैलांच्या वाटेवर एका अंशाची चूक म्हणजे एक मैल बाजूला. अहमदाबाद ते मुंबई हे अंतर सुमारे २४० सागरी मैलांचे. पाच अंशांची चूक झाली तर विमान वीस मैल भलतीकडे.

७/ आता आरोहींचा अटलांटिकचा मार्ग पाहा. स्कॉटलंडमधील विक, मग आइसलँड, ग्रीनलँड आणि शेवटी कॅनडातील इकालुइट. तिकडे दिक्पात वीस अंशांहून बराच अधिक असतो आणि वाटेत पुष्कळ बदलतो. धरून चालायला किनारा नाही. खाली बर्फाळ पाणी. मुंबईच्या वाटेवर ज्या उपकरणाविना निभावते, ते तिथे सोडणे म्हणजे अविचार. उपकरणांची निवड विमानाइतकीच वाटेवरही अवलंबून असते, ती अशी.

८/ ढगांचा प्रश्न मात्र वेगळा. क्षितिज दिसेनासे झाले की माणसाच्या कानातील तोलाची जाणीव फसते. विमान कलंडत असतानाही ते सरळ असल्याचा भास होतो. यावर उपाय ठरला जायरोस्कोप. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणे पाहून विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. कृत्रिम क्षितिजाचे मोल त्या दिवशी सिद्ध झाले. तीन वर्षांनी जुहूला आलेले टपाल तरीही उघड्या डोळ्यांच्या भरवशावरच आले!

९/ मग सगळेच का बसवू नये? पहिली अडचण वजनाची. हलक्या विमानांच्या वर्गात अनेक देशांत उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन ६०० किलोंच्या आत ठेवावे लागते. त्यातच माणसे, इंधन, सामान. दुसरी विजेची: पडदा जितका देखणा, तितकी जनित्र बंद पडल्यावरची चिंता मोठी. तिसरी अडचण सहसा लक्षात येत नाही, आणि तिचे उत्तम उदाहरण मुंबईनेच दिले आहे.

१०/ कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्रामी येणार हे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे नोंदी बिघडतील हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. संकट येण्यापूर्वीच केलेली अशी तजवीज आपल्याकडे विरळाच.

११/ कॉकपिटमध्ये हीच ट्राम लहान रूपात धावत असते. नवा रेडिओ, नवा पडदा, त्यांच्या तारा: प्रत्येकाचे चुंबकत्व सुईला थोडे ओढते. म्हणून असे नवे उपकरण बसवले की विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांना उभे करून होकायंत्र पुन्हा तपासतात आणि चुकीचा तक्ता त्याच्याशेजारी लावतात. नव्या साधनाची किंमत अशी जुन्या साधनालाही मोजावी लागते.

१२/ स्वतः बांधलेल्या प्रायोगिक विमानात हा हिशेब बांधणाऱ्याच्याच माथी येतो. अमेरिकेत अशा विमानांतील उपकरणांना कारखान्यातील विमानांइतकी कडक प्रमाणपत्रे लागत नाहीत. त्यामुळे स्वस्त संगणकी पडदे आधी तिथे रुळले. प्रमाणपत्र नसलेल्या पडद्याशेजारी एक साधा वेगमापक आणि उंचीमापक ठेवणारे बांधणारे अनेक. हा जुनाटपणा नव्हे. दोन उपकरणे एकाच कारणाने बंद पडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू.

१३/ मालाडच्या उत्तरेस लागूनच असलेल्या कांदिवलीत, चारकोपच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. २०११ पासून नोंदणीसाठी खटपट चालू होती. व्हीटी-एनएमडी ही नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली, आणि चाचणी उड्डाण धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये झाले.