मोटारीचा मागचा आंस आणि सोलापूरची काळी

सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा. आणि त्यांतला मोठा वांटा पावसाळ्याच्या अखेरीस, सप्टेंबरांत पडतो. त्या दिवसांत मंगळवेढ्याकडील काळी जमीन पाणी पिऊन फुगते, आणि एरव्हीं दगडासारखी कठीण असणारी वाट लोण्यासारखी होते. डाळिंबें भरून निघालेली गाडी अशा वाटेवर रुतली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मागचें एक चाक चिखलांत गरगर फिरत राहतें, आणि दुसरें चाक घट्ट जमिनीवर टेकलेलें असूनही जागचें हालत नाहीं. इंजिनांत बळ आहे, टायर धड आहेत. तरी गाडी जागच्या जागीं, आणि माल बाजाराची वेळ चुकवून बसलेला! हें कां होतें तें समजण्यास मागच्या आंसाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

बैलगाडीला ही अडचण कधींच नव्हती. तिचा आंस स्थिर असतो, दोन्ही चाकें त्याच्या टोकांवर स्वतंत्र फिरतात, आणि ओढ असते ती बैलांची. १८६० सालीं सोलापुरास आगगाडी आली. तिचीं चाकें आंसाशीं एकजीव. पण रुळांचें वळण सौम्य आणि चाकांची धाव निमुळती, म्हणून तेथें निभावलें. रस्त्यावर स्वतःच्या चाकांच्या जोरानें धांवणाऱ्या गाडीस मात्र यांपैकीं एकही उपाय पुरेसा नव्हता. दोन चाकांमध्यें दीड मीटर अंतर असेल, तर एक पुरा वळसा घेतांना बाहेरचें चाक आंतल्यापेक्षां सुमारें साडेनऊ मीटर अधिक चालतें. दोन्ही चाकें एकत्र जखडलीं, तर एकानें घसरलेंच पाहिजे.

यावरची तोड फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनें १८२७-२८ च्या सुमारास, वाफेच्या गाडीसाठीं काढली. १८७७ सालीं, म्हणजे सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली त्याच वर्षीं, इंग्लंडांत जेम्स स्टार्ले यानें ती तीनचाकी सायकलीस लावली. आणि १८८५ सालीं कार्ल बेन्झच्या मोटारींत ती आली. हीच डिफरन्शियल. आंसाच्या मध्यावर एक पेटी आणि तींत छोटीं दंतचक्रें; हीं चक्रें तराजूच्या दांडीप्रमाणें इंजिनाचें बळ दोन्ही चाकांस सारखें वांटून देतात, आणि वेग मात्र ज्याचा त्याला घेऊं देतात.

गुण तोच दोष ठरला. तराजूचें एक पारडें रिकामें असेल, तर दुसऱ्यांत वजन तोलून धरतां येत नाहीं. चिखलांतल्या चाकास विरोध नाहीं, म्हणून कोरड्या चाकासही बळ नाहीं. सबळ चाक दुबळ्याच्या हुकमतींत जातें तें असें.

हा दोष शर्यतीच्या मोटारींसही जाचला. ऑटो युनियनच्या मोटारींत इंजिनाचें बळ इतकें होतें कीं, भरधांव वेगांतही मागचें एक चाक घसरे. म्हणून फर्डिनांड पोर्शे यानें १९३५ सालीं जर्मनींतील झेड. एफ. कंपनीकडून घसरण आंवरणारी डिफरन्शियल करवून घेतली. १९५६ पासून अमेरिकेंत पॅकार्डसारख्या मोटारींतून ती सामान्य गिऱ्हाइकासही मिळूं लागली.

आज निवड करणाऱ्यापुढें मुख्यतः तीन प्रकार असतात. पहिला घर्षणाच्या चकत्यांचा: तो थोडें बळ नेहमींच कोरड्या चाकाकडे वळवितो, पण चकत्या झिजतात आणि तेलही ठरावीकच लागतें. दुसरा तिरकस दांत्यांच्या चक्रांचा, ज्याचें पेटंट व्हर्नन ग्लीझमन यानें १९५८ सालीं घेतलें. डांबरी रस्त्यावर तो उत्तम. परंतु तो दुबळ्या चाकाच्या पकडीची पट करतो, आणि चाक अधांतरीं असेल तर शून्याची कितीही पट शून्यच. तिसरा कुलुपाचा: दोन्ही चाकें सरळ एक करून टाकणारा. २०२१ सालीं आलेल्या महिंद्राच्या बोलेरो निओ या मागच्या चाकांनीं चालणाऱ्या गाडीच्या एका प्रकारांत, चाकांच्या वेगांत ठरावीक तफावत पडतांच आपोआप लागणारें असें कुलूप बसविलेलें होतें.

उसाच्या फडांतील ट्रॅक्टरवाल्यास हें कुलूप जुन्या ओळखीचें आहे. तो तें पायानें दाबतो, चिखल ओलांडतो, आणि वळण्यापूर्वीं सोडतो. वळतांना तें तसेंच राहिलें, तर गाडी सरळच जाऊं पाहते आणि दंतचक्रें मोडण्याची भीति असते.

तेव्हां निवड करतांना दुकानदाराच्या यादीपेक्षां आपली वाट आधीं पाहावी. शर्यतीसाठीं चकत्या, वेगवान सडकेसाठीं तिरकस चक्रें ठीक. पण ज्याची गाडी वर्षांतले बहुतेक महिने कोरड्या रस्त्यानें जाते आणि कांहीं आठवडेच काळींत रुतते, त्यास गरजेपुरतें लागून पुन्हां सुटणारें कुलूपच सोयीचें. बाकीचे महिने पेकरचा तो जुना तराजू आपलें काम चोख करीतच असतो.