कंबर, कणा आणि चष्मा

रोवणीत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला पुन्हा वाकलेल्या. त्यामुळे गडचिरोलीकडे कंबरदुखी म्हणजे आजार, असं कुणाला वाटतच नाही. चातगावजवळच्या 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ते दुखणं मनावर घेतलं, आणि मुंबईहून डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी तिथे मणक्याच्या शस्त्रक्रिया करायला येऊ लागले.

मणक्यात स्क्रू बसवणं हे भलतंच नाजूक काम. हाडातली वाट कुठेकुठे पेन्सिलीपेक्षाही अरुंद, आणि शेजारी मज्जारज्जू! १९६० च्या दशकात पॅरिसचे रॉय-कामीय असे स्क्रू बसवू लागले, तेव्हा मदार होती ती हाताच्या अंदाजावर आणि क्ष-किरणांवर. पुढे सी-आर्म आला, मग संगणकी नेव्हिगेशन. पण त्यातही गोम अशी, की हात रुग्णाच्या पाठीत आणि डोळे बाजूच्या पडद्यावर. (दुकानाच्या काचेत रस्ता बघत सायकल चालवून पाहा!)

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'एक्सव्हिजन' चष्म्याला मान्यता दिली. सीटी स्कॅनमधला कणा आता सर्जनला थेट रुग्णाच्या पाठीतच दिसतो. जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यानुसार शस्त्रक्रियाही झाली.

मला याचं भारी कौतुक आहे. पण चष्म्याला आधी स्कॅन लागतो. आणि भामरागडकडच्या बाईचा स्कॅन व्हायचा, तर त्याआधी तिने कंबर दुखते हे घरात कुणाला तरी सांगायला हवं.