लहरींना सीमा नसते, पाठ्यक्रमाला असते

1956 हे वर्ष सीमाभागातील मराठी माणसाला एकाच कारणासाठी ठाऊक आहे. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात आली आणि चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. परंतु त्याच वर्षी आणखी दोन गोष्टी घडल्या, ज्यांची आठवण आपल्याकडे फारशी काढली जात नाही. एक पुण्यात घडली, दुसरी दिल्लीत. पहिलीचा संबंध रेडिओशी होता, दुसरीचा राज्यघटनेशी. पॉडकास्ट, शैक्षणिक ॲप, डिजिटल वर्ग या आजच्या शब्दांचा विचार करताना आम्हाला या दोन जुन्या घटनांपाशी वारंवार परतावेसे वाटते.

प्रथम पुण्याची गोष्ट. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, तो संपल्यावर निमंत्रकाने चर्चा घडवायची, शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या आणि केंद्राने त्यांची उत्तरे पुढे द्यायची, अशी ती रीत होती. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉयरथ यांच्या नेतृत्वाखाली या प्रयोगाचे मूल्यमापन केले. त्यासाठी तीन प्रकारची गावे निवडली होती: रेडिओ आणि श्रोतृमंडळ दोन्ही असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि दोन्ही नसलेली. निष्कर्ष स्पष्ट होता. जिथे लोक एकत्र ऐकून बोलले, तिथे ज्ञानात मोठी भर पडली. जिथे नुसता रेडिओ वाजत होता, तिथे ती फारच थोडी होती.

या निष्कर्षाचे मोल आज अधिक आहे. यंत्र दिले म्हणजे शिक्षण दिले, ही समजूत त्याच वेळी मराठी मुलखात, मराठी भाषेत, तपासून खोटी ठरवली गेली होती. कोल्हापूर जिल्ह्यातील गावे तेव्हा हे ऐकत होती आणि त्यांच्या शेजारचा बेळगाव जिल्हा त्याच मुंबई राज्यात होता. प्रयोग संपल्यानंतर काही महिन्यांतच मध्ये राज्याची सीमा आली.

सीमा आली तरी आवाज अडला नाही. 1963 साली सांगली केंद्र सुरू झाले आणि मध्यम लहरींवरचे मराठी शब्द आमच्या घरांत येत राहिले. आमच्या लहानपणी संध्याकाळी रेडिओची कळ थोडी इकडे फिरवली की धारवाडचे कन्नड लागे, थोडी तिकडे फिरवली की सांगलीचे मराठी. दोन्ही भाषा घरात सुखाने नांदत. त्या वयात आम्हाला असे वाटे की आकाशाला जिल्हे नसतात. पुढे वकिली शिकल्यावर कळले, की आकाशाला नसले तरी आकाशातून काय पाठवायचे हे ठरवणाऱ्या कचेरीला असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरातील ‘साइट’ हा प्रयोग. अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचवण्यात आली. सकाळी शाळेच्या मुलांसाठी आणि संध्याकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील गावे त्यात होती. या यंत्रणेची एक खुबी अशी, की उपग्रहावरून चित्र एकच येई, पण ध्वनीच्या वाहिन्या दोन होत्या. त्यामुळे आंध्रातील मूल जे चित्र तेलुगूत ऐके, तेच कर्नाटकातील मूल कन्नडमध्ये ऐके. प्रयोगाच्या भाषा चार होत्या: हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड. मराठी त्यांत नव्हती.

आम्ही ही तक्रार म्हणून सांगत नाही. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हताच. आम्हाला दाखवायचे आहे ते एवढेच, की एका चित्राला दोन भाषांचा आवाज देण्याची युक्ती भारतात 1975 सालीच सिद्ध झाली होती. त्यानंतर ‘तांत्रिक अडचणीमुळे दुसऱ्या भाषेत देता येत नाही’ हे उत्तर फारसे टिकत नाही. भाषा वगळली जाते ती प्रशासकीय निर्णयाने, आणि निर्णय प्रशासकीय असेल तर त्याविषयी दाद मागता येते.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतील. 2001 मध्ये ‘ज्ञानवाणी’ ही शैक्षणिक रेडिओवाहिनी आली. 20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडण्यात आला, आणि त्याच्या पहिल्या प्रायोगिक जाळ्यांपैकी एक होते बेळगावात मुख्यालय असलेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ. उपग्रहाद्वारे शिकवण्याच्या प्रयोगात आमचे गाव देशात आघाडीवर होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तो वर्ग अभियंत्यांचा होता. पहिलीच्या मराठी वर्गापर्यंत ती लहर उतरायची होती.

त्याच 2004 साली पॉडकास्ट हा शब्द जन्माला आला. ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ या वृत्तपत्रात बेन हॅमर्स्ली यांनी तो फेब्रुवारीत प्रथम वापरला आणि वर्षअखेरपर्यंत तो रूढही झाला. त्यामागची रचना साधी होती: ध्वनिमुद्रण महाजालावर ठेवायचे आणि ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांच्या यंत्रावर ते आपोआप उतरावे. प्रक्षेपण केंद्र नको, मनोरा नको, ठरलेली वेळही नको. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने नवागत सोळाशेहून अधिक विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रे वाटली. वर्षभराने सरसकट वाटप थांबवून, ज्या अभ्यासक्रमात त्याचा उपयोग होतो तेथेच ती देण्याचे ठरले. पुण्याच्या दीडशे गावांनी 1956 मध्ये जे सांगितले होते, तेच श्रीमंत विद्यापीठाने पुन्हा शिकून घेतले.

तरीही पॉडकास्टमध्ये एक गोष्ट खरोखर नवी आहे, आणि अल्पसंख्य भाषकांसाठी ती मोलाची आहे. रेडिओ आणि उपग्रह यांच्या किल्ल्या शासनाच्या हाती होत्या. ध्वनिपाठ मात्र एखादी निवृत्त शिक्षिका आपल्या स्वयंपाकघरात, दार लावून, साध्या फोनवर मुद्रित करू शकते. तो एकदा उतरवून घेतला की जाळे नसलेल्या वाडीतही ऐकता येतो आणि एका फोनवरून दुसऱ्या फोनवर देता येतो. भूमितीची आकृती आवाजाने शिकवता येत नाही, हे खरे. पण कवितेची चाल, शुद्ध उच्चार, इतिहासातील कथा, परिसराची ओळख यांसाठी आवाजाइतके स्वस्त आणि जिवंत साधन दुसरे नाही. घरी बोलीभाषा, शाळेत प्रमाण मराठी आणि रस्त्यावर कन्नड अशा तीन पाण्यांत पोहणाऱ्या मुलाला कानाचे शिक्षण लागतेच.

मग अडते कोठे? हे आम्हाला 2020 च्या टाळेबंदीत समजले. नागपूर आकाशवाणीवरून तेव्हा ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला होता. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होती. दोन्ही मराठीत, दोन्ही मुलांच्या जवळ जाणारे. आम्ही हाती आलेली काही ध्वनिमुद्रणे खानापूर तालुक्यातील ओळखीच्या शिक्षकांकडे पाठवली. घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी परत येणार. तरी मुले जमून ऐकत. एके दिवशी एका गुरुजींचा फोन आला. ते म्हणाले, “वकीलसाहेब, पोरं आवडीनं ऐकतात. पण आमचं पुस्तक वेगळं. यातलं परीक्षेला काय येणार, असं पालक विचारतात. काय सांगू?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. कर्नाटकातील मराठी शाळेचे पाठ्यपुस्तक मराठीत असले तरी ते कर्नाटकच्या पाठ्यक्रमाचे असते. महाराष्ट्रात तयार झालेला पाठ भाषेने त्या मुलाचा असतो, पण पुस्तकाने नसतो. कर्नाटकात कन्नडमध्ये तयार झालेला पाठ पुस्तकाने त्याचा असतो, पण भाषेने नसतो. 2017 मध्ये आलेले केंद्राचे ‘दीक्षा’ व्यासपीठ उघडताच प्रथम मंडळ विचारते, मग माध्यम, मग इयत्ता. मंडळ आणि माध्यम यांच्या मधल्या त्या फटीत आमचे मूल उभे आहे.

ही फट बुजवता येते, याचा पुरावा केरळने त्याच वर्षी दिला. जून 2020 मध्ये तेथे ‘फर्स्ट बेल’ हे दूरचित्रवाणी वर्ग सुरू झाले आणि मल्याळमबरोबर तमिळ व कन्नड माध्यमाच्या मुलांसाठीही पाठ तयार करण्यात आले. कासरगोडच्या कन्नड मुलाला त्याच्याच राज्याच्या पाठ्यक्रमाचे पाठ त्याच्या मातृभाषेत मिळाले. कन्नडला केरळात जे मिळाले ते योग्यच झाले. तेच मराठीला बेळगावात मिळावे, आणि जत व अक्कलकोटच्या कन्नड शाळांना महाराष्ट्रात मिळावे. आमची मागणी दोन्ही तोंडांनी सारखीच बोलते.

आता 1956 मधील दुसऱ्या घटनेकडे येऊ. राज्यपुनर्रचनेबरोबरच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 350अ आणि 350ब घालण्यात आले. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्यासाठी पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे 350अ सांगतो. 350ब त्यावर लक्ष ठेवण्यासाठी विशेष अधिकारी नेमतो. ज्या दिवशी सीमा आखली, त्याच दिवशी घटनेने सीमेपलीकडे राहिलेल्या मुलांचा भार राज्यावर टाकला. ‘प्रयत्न’ हा शब्द दुबळा आहे, हे आम्ही वकील म्हणून मान्य करतो. पण ‘सोयी’ हा शब्द दुबळा नाही. 1956 मध्ये सोय म्हणजे खोली, शिक्षक आणि पुस्तक. ज्या राज्यात बहुसंख्य भाषेच्या मुलाला डिजिटल पाठ मिळतो, तिथे तो पाठही सोयच ठरतो. सप्टेंबर 2019 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने महाजालाची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले आहे. त्याच विचाराचे पुढचे पाऊल म्हणजे त्या महाजालावर मुलाची भाषाही असणे.

सीमाप्रश्नाचा मूळ दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो चालू राहील; पण पहिलीतले मूल निकालासाठी थांबत नाही, ते दुसरीत जाते. म्हणून आम्ही दोन कामे सुचवतो. पहिले राज्याकडे मागण्याचे: कोणताही डिजिटल पाठ काढताना तो राज्याच्या मराठी पाठ्यपुस्तकाशी जुळवून मराठीतही काढावा, यासाठी शिक्षणखात्याकडे आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावेत व पोच जपून ठेवावी. दुसरे आपण स्वतः करण्याचे: निवृत्त शिक्षकांनी कर्नाटकच्या मराठी पुस्तकातील एकेक पाठ आवाजात उतरवावा, आणि गावोगावी, देवळात किंवा वाचनालयात, दहा मुलांनी मिळून तो ऐकावा. ऐकून झाल्यावर फोन बाजूला ठेवावा आणि मोठ्या कोणीतरी विचारावे, “काय समजलं, सांगा बघू.”