दोनदा जळालेले, एकदा वाटले गेलेले

बेल्जियमला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या कार्यक्रमपत्रिकेत ब्रुजचे कालवे असतात, घेंटचा किल्ला असतो, अँटवर्पचा हिरेबाजार असतो. लूव्हेन बहुधा नसते. असलेच तर ब्रुसेल्सहून आगगाडीने अर्ध्या तासावरचे, दुपारी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगे एक विद्यापीठाचे गाव म्हणून. आम्हीही त्याच बेताने गेलो होतो आणि दोन दिवस राहिलो. भाषा आणि ग्रंथ या दोन गोष्टींवर आमची उपजीविका चालते. आणि या दोहोंच्या नात्याविषयी इतके अस्वस्थ करणारे काही आम्हांस युरोपातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात आढळले नाही.

गावाच्या नावापासूनच आरंभ होतो. डच भाषेत ते लूव्हेन, फ्रेंचमध्ये लूवाँ. पहिल्या महायुद्धावरच्या इंग्रजी पुस्तकांत फ्रेंच नावच रूढ झाल्यामुळे, ‘लूवाँचे दहन’ ज्यांनी वाचलेले असते त्यांना ते याच गावाविषयी आहे हे पुष्कळदा ठाऊक नसते. गावातल्या पाट्यांवर मात्र ते फ्रेंच नाव दिसत नाही. का दिसत नाही, हे पुढे येईलच.

प्रवासी मंडळी प्रथम पाहतात ते नगरभवन. पंधराव्या शतकाच्या मध्यास उभारलेली ही गॉथिक वास्तू दगडाची आहे की लेसची, असा प्रश्न पडावा इतके तिचे कोरीवकाम नाजूक आहे. तिच्या कोनाड्यांत २३६ पुतळे उभे आहेत. परंतु हे कोनाडे जवळजवळ चारशे वर्षे रिकामे होते आणि पुतळे बसले ते एकोणिसाव्या शतकात. आम्हांस ही गर्दी फारशी रुचली नाही. एकाही पुतळ्याकडे नीट पाहणे होत नाही. असो.

समोरच संत पीटरचे चर्च आहे. त्याचे मनोरे कधी पूर्ण झालेच नाहीत, कारण खालची जमीन तो भार सोसण्याजोगी नव्हती. या चर्चमध्ये डर्क बाउट्सने १४६४ ते १४६८ या काळात रंगवलेले ‘अंतिम भोजन’ आहे, आणि ज्या ठिकाणासाठी ते रंगवले गेले त्याच ठिकाणी ते आजही आहे, ही युरोपीय चित्रांच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट होय. मात्र मधला फलक तेवढा गावात राहिला होता. बाजूचे चार फलक विकले जाऊन कालांतराने बर्लिन आणि म्युनिकच्या संग्रहालयांत पोहोचले होते. ते परत आले ते व्हर्सायच्या तहामुळे. १९१९ च्या या तहाच्या २४७ व्या कलमान्वये हे फलक जर्मनीने बेल्जियमला द्यावेत असे ठरले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते पुन्हा नेले आणि युद्धानंतर ते पुन्हा परतले. चित्रासमोर उभे राहिल्यावर आमच्या मनात ख्रिस्ताच्या भोजनाइतकेच हे येणेजाणे घोळत राहिले.

त्याच कलमात आणखी एक अट होती. लूव्हेनच्या ग्रंथालयात जितकी आणि ज्या मोलाची हस्तलिखिते, आद्यमुद्रिते, छापील ग्रंथ व नकाशे नष्ट झाले, तितकी आणि त्या मोलाची जर्मनीने भरून द्यावीत. ग्रंथांचा भरणा तहाच्या कलमात! छापील पुस्तकाची दुसरी प्रत मिळू शकते. पण ज्याची जगात एकच प्रत होती त्या हस्तलिखिताच्या मोलाचे दुसरे हस्तलिखित म्हणजे काय, याचे उत्तर कोणत्या वकिलाने दिले असते?

हे ग्रंथ जळाले कसे? १९ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मन सैन्य लूव्हेनमध्ये शिरले, ते मोठ्या प्रतिकाराविना. २५ ऑगस्टच्या संध्याकाळी गावात अकस्मात गोळीबार सुरू झाला. नागरिकांनीच आमच्यावर गोळ्या झाडल्या, असा जर्मनांचा दावा होता. घाबरलेल्या जर्मन सैनिकांनी अंधारात एकमेकांवरच गोळ्या झाडल्या असाव्यात, असे पुढील काळातले बहुसंख्य इतिहासकार मानतात. सूड मात्र तत्काळ घेतला गेला. २४८ नागरिक मारले गेले, सुमारे दीड हजार जणांना जर्मनीत नेण्यात आले, हजाराहून अधिक इमारती जळाल्या. त्याच रात्री चौदाव्या शतकातल्या जुन्या कापडबाजाराच्या इमारतीतले, म्हणजे तेव्हाच्या विद्यापीठभवनातले ग्रंथालय पेटले. सुमारे तीन लाख ग्रंथ आणि सुमारे एक हजार हस्तलिखिते गेली.

त्यानंतर जे घडले ते आम्हा अध्यापकांना अधिक बोचते. ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मनीतल्या ९३ विद्वानांनी व कलावंतांनी सुसंस्कृत जगाला उद्देशून एक पत्रक काढले आणि आमच्या सैन्याने लूव्हेनमध्ये क्रौर्य केले हे खरे नाही, असे बजावले. सह्या करणाऱ्यांत माक्स प्लांक होते, क्ष-किरणांचे रंटगेन होते. त्यांतल्या कोणी लूव्हेनला जाऊन पाहिले नव्हते. विद्वत्ता माणसाला पुराव्याची सवय लावते, ही आमची समजूत. ती देशाच्या सीमेपर्यंतच टिकते की काय, अशी शंका या पत्रकाने उत्पन्न होते.

नवे ग्रंथालय आज लाडूझ चौकात उभे आहे. आराखडा व्हिटनी वॉरन या अमेरिकन वास्तुकाराचा, पैसा मुख्यतः अमेरिकन वर्गणीचा, उद्घाटन ४ जुलै १९२८ रोजी. हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, हे सांगावयास नकोच. इमारत मात्र सोळाव्या-सतराव्या शतकातली वाटावी अशी. भिंतींजवळ जाऊन पाहिले तर दगडादगडावर अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांची नावे कोरलेली दिसतात. मनोऱ्याच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून जाता येते. वाटेतल्या मजल्यांवर ग्रंथालयाच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे आणि वर, युद्धात मेलेल्या अमेरिकन अभियंत्यांच्या स्मरणार्थ दिलेला घंटासंच.

दर्शनी कठड्यावर मात्र एकही अक्षर नाही, आणि पाहण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे. तेथे लॅटिनमध्ये एक लेख कोरायचा वॉरनचा आग्रह होता. ‘जर्मन क्रोधाने उद्ध्वस्त, अमेरिकन दानाने पुनःस्थापित’ असा त्याचा आशय. विद्यापीठाचे कुलगुरू लाडूझ यांनी त्यास नकार दिला. ज्या दारातून उद्या जर्मन विद्यार्थी आणि विद्वानही ये-जा करणार, त्या दारावर द्वेष कोरावयाचा नाही, ही त्यांची भूमिका. प्रकरण न्यायालयात गेले, लोक रस्त्यावर आले, आणि बांधकामावरच्या एका मुकादमाने तो निरक्षर कठडा हातोड्याने फोडूनही टाकला. लाडूझ बधले नाहीत. त्या २४८ माणसांच्या आप्तांना हा नकार कसा वाटला असेल, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. तरीही आमचा कौल लाडूझ यांनाच आहे. ते शब्द पुढे १९३६ मध्ये दिनाँ या गावच्या स्मारकावर चढले, आणि १९४० मध्ये जर्मनांनी ते स्मारक पाडले.

मे १९४० मध्ये ग्रंथालय पुन्हा जळाले. तोफांच्या माऱ्यात, या वेळी सुमारे नऊ लाख ग्रंथ. तहान्वये जर्मनीने भरून दिलेले ग्रंथही त्यांत होते. युद्धानंतर जुन्या आराखड्याबरहुकूम इमारत परत उभी राहिली, आणि जगभरातून पुस्तके परत जमली.

येथवरची कथा मार्गदर्शक सांगतात. पुढची मात्र आम्हांस विचारून घ्यावी लागली.

१४२५ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची भाषा आरंभी लॅटिन. इरॅस्मसच्या प्रेरणेने १५१७ मध्ये येथे लॅटिन, ग्रीक व हिब्रू यांचे त्रिभाषा महाविद्यालय निघाले. आजूबाजूच्या शेतकऱ्याची डच बोली वर्गात नव्हती, आणि त्याबद्दल कोणी भांडतही नव्हते. एकोणिसाव्या शतकात वर्गाची भाषा फ्रेंच झाली तेव्हा मात्र दुखणे सुरू झाले; कारण फ्रेंच ही केवळ विद्येची भाषा नव्हती, ती वरच्या वर्गाची भाषा होती. विसाव्या शतकात डचमधून अध्यापन हळूहळू वाढले आणि एकाच विद्यापीठात दोन भाषांचे दोन विभाग नांदू लागले. १९६० च्या दशकाच्या आरंभी देशातली भाषिक सीमा कायद्याने आखली गेली. लूव्हेन त्या रेषेच्या डच बाजूस पडले, फ्रेंच विभाग मात्र गावातच होता. मे १९६६ मध्ये बिशपांनी विद्यापीठ अखंडच राहील असे घोषित केले, आणि ‘वालूनांनो, चालते व्हा’ अशा आरोळ्यांनी रस्ते दुमदुमले. फेब्रुवारी १९६८ मध्ये ब्रुजच्या बिशपांनी आपली आधीची भूमिका चुकली असे जाहीर सभेत कबूल केले. त्याच महिन्यात सरकार कोसळले. फ्रेंच विद्यापीठासाठी भाषिक सीमेपलीकडे लूवाँ-ला-नव्ह, म्हणजे ‘नवे लूवाँ’, या नावाचे गाव शून्यातून वसवण्यात आले.

मग ग्रंथालयाचे काय करायचे? वाटणी झाली. कपाटक्रमांक सम की विषम, या कसोटीने ग्रंथ दोन विद्यापीठांत विभागले गेले. विषयाने नव्हे, भाषेने नव्हे, अंकाने. एकाच विषयावरची, एकमेकांना उत्तर देणारी दोन पुस्तके दोन गावांत गेली.

मराठी वाचकाला येथे बेळगाव आठवणारच, आम्हांसही आठवले. म्हणून फ्लेमिश विद्यार्थ्यांना दोष देण्याचा धीर आम्हांस होत नाही. आपल्या गावात, आपल्या भाषेत उच्च शिक्षण मागणे हा अपराध नव्हे. याच विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेला, फ्लेमिश चळवळीच्या वातावरणात वाढलेला एक तरुण १९३० मध्ये जेझुइट झाला आणि पुढे भारतात आला. ते फादर कामिल बुल्के. त्या काळी अलाहाबाद विद्यापीठात प्रबंध इंग्रजीतच लिहावा लागे. बुल्के यांनी तो हिंदीतच लिहिण्याचा हट्ट धरला आणि नियम बदलावा लागला. ‘रामकथा’ हा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा इंग्रजी-हिंदी कोश निघाला तो १९६८ मध्ये, म्हणजे नेमका लूव्हेनचे विद्यापीठ दुभंगले त्याच वर्षी. तोच स्वाभिमान दोन ठिकाणी: एका ठिकाणी त्याने दुसऱ्याच्या भाषेचा कोश रचला, दुसऱ्या ठिकाणी कपाटे मोजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही थोरल्या बेगिनाजात हिंडलो. व्रतस्थ, पण मठाच्या शपथेने न बांधलेल्या स्त्रियांची ही तेराव्या शतकापासूनची वसाहत. विटांची घरे, मधून वाहणारी डाइल नदी. १९६२ मध्ये मोडकळीस आलेली ही वस्ती विद्यापीठाने विकत घेऊन दुरुस्त केली आणि १९९८ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. आज तेथे विद्यार्थी आणि पाहुणे प्राध्यापक राहतात. लूव्हेनमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल तर आम्ही नगरभवन सोडून हीच सुचवू.

परतण्यापूर्वी पुन्हा ग्रंथालयात गेलो. वाचनकक्षातली ओकची कपाटे, लांब टेबले, आणि प्रत्येक खुर्चीवर परीक्षेच्या धास्तीने वाकलेले एकेक डोके. उभे राहायलाही जागा नव्हती. दाराशी बसलेल्या सेवकाने ओठांवर बोट ठेवून आम्हांस गप्प राहण्याची खूण केली, आणि आम्ही बाहेर आलो.